पूजेतला कॉम्प्युटर

दसरा, संध्याकाळ. मांजलपूर.

लहानपणी दसऱ्याला बाबा पूजेत आपले पाने-पक्कड मांडायचे. शेजारी मी पुठ्ठ्याचा कॉम्प्युटर ठेवायचे. खरा मागितला की बाबा म्हणायचे, "पुढच्या वर्षी, बेटा."

आज तसाच जाड पडद्याचा, खरा, जुन्या बाजारातून आणून मांडला. कामाचा नाही, ठाऊक आहे. मग आणला कशाला? पडदा उजळला तेव्हा मात्र बरं वाटलं.

आई म्हणाली, "लॅपटॉप असताना हे डबडं? भंगारवालाही घेणार नाही!"

बाबांनी पडद्याला हळदकुंकू लावलं आणि त्यात पत्त्यांचा खेळ आहे का, ते विचारलं. आहे म्हटल्यावर म्हणाले, "मग सरक. मलाही तेव्हा हवाच होता."

अजून खेळतायत. माझा नंबर आलेला नाही. चालेल.