रविवारच्या वर्गाची किल्ली बनाबाईकडे

मी, प्रयागबाई भ्रतार महिपती झगडे, वय अंदाजे एकसष्ट, धंदा शेती, राहणार अंथुर्णे, तालुका इंदापूर, जिल्हा पुणे, माझ्या मागे काय व्हावे ते आज लिहून ठेवते. बुद्धी शाबूत आहे. गुडघे गेले आहेत, पण लिहायला गुडघे लागत नाहीत. कोणाच्या धाकाने किंवा भरीला पडून मी हे लिहीत नाही. यापूर्वी असा कागद केलेला नाही.

कलम पहिले. कालव्याखालची दीड एकर बागायत आणि राहते घर कारभाऱ्यांच्या मागे माझ्या नावावर आले. नव्या कायद्याने ते पुरते माझे आहे. पोटी मूल नाही. हे दोन्ही मी पुतण्या संभाजी यास देते. गुडघे गेल्यापासून नांगरतो तोच आणि मला जेवू घालते त्याची बायको. फक्त विहिरीजवळच्या दोन लिंबोणींची फळे विकून येतील ते पैसे बायांच्या रविवारच्या वर्गाच्या खडू-पाट्यांसाठी जावेत. मी हे लिहीत असता संभाजी म्हणाला, "काकू, मरणाच्या कागदात शाळा कशापायी?" मी म्हटले, "मग काय वांग्याची रोपं लिहू व्हय?" तो हसला. त्याची हरकत नाही.

कलम दुसरे. कारभारी १९४६ साली गेले. त्यांना वाचता येत होते, मला नव्हते, आणि ते असेपर्यंत त्यावाचून माझे काही अडले नाही. मग भाजीचे माळवे घेऊन बारामतीच्या बाजाराला मी एकटी जाऊ लागले. पोत्यांवर रंगवलेली अडत्यांची नावे ओळखता ओळखता अक्षरे कळू लागली. वाचायला लागले त्या दिवशी सांगायला घरी कोणी नव्हते. ते अजून सलते.

मोहनराव कुंभार मास्तरांनी १९५० साली शाळेच्या खोलीत दर रविवारी दुपारी बायांचा वर्ग सुरू केला. पगार नाही, भत्ता नाही. मला येते तेवढे शिकवायला त्यांनी मला पुढे बसवले. त्यांची बदली बावड्याला झाल्यापासून वर्ग मी चालवते. सरुबाई पाण्याची घागर आणते, सातवीच्या मुली पाट्या तपासतात. या सगळ्यांचे माझ्यावर उपकार आहेत. माझा तांब्याचा हंडा सरुबाईला द्यावा.

कलम तिसरे, आणि हा कागद मुख्यतः याच्यासाठी आहे. शाळेच्या कमिटीचे म्हणणे असे की खोलीची किल्ली साक्षरतेचा दाखला असणाऱ्या बाईकडेच राहील. दाखले मिळालेल्या बाकीच्या दोघी आपापल्या लेकांकडे कळंबला राहायला गेल्या. गावात दाखला माझ्याकडे एकटीकडे आहे. म्हणजे मी गेले की खोलीला कुलूप. माझ्यामागे वर्ग चालवील अशी एकच आहे, बनाबाई, आणि ती परीक्षेत नापास आहे.

ती नापास कशी झाली ते मी पाहिले आहे. परगावचे परीक्षक आले होते. त्यांनी बनाबाईपुढे पुस्तक धरले. धड्याची पहिलीच ओळ होती, "भीमा नदीच्या काठी आमचे गाव आहे." बनाबाईच्या मालकांचे नाव भीमा. तिने वाचले, "नदीच्या काठी आमचे गाव आहे." साहेब म्हणाले, "पहिला शब्द?" तिने मान खाली घातली. साहेबांनी पुन्हा विचारले. ती घामाघूम झाली, पण नवऱ्याचे नाव तोंडातून काढले नाही. साहेबांनी शेरा लिहिला, "भ अक्षर ओळखता येत नाही."

बाहेर आल्यावर सरुबाई म्हणाली, "बने, नदीनं न्हाई गं, नवऱ्यानं बुडवलं तुला!" सगळ्या हसल्या. बनाबाईही हसली आणि घरी जाऊन दोन दिवस जेवली नाही.

मी त्या खोलीत होते. साहेबांना एक शब्द सांगितला असता तर भागले असते. मी साहेबांच्या टोपीकडे बघून गप्प बसले. साहेब फिरून आले नाहीत. तो दोष माझा आहे आणि मी तो इथे कबूल करते. माझ्या मालकांचे नाव मीही कधी तोंडाने घेतले नाही. कागदावर मात्र वर घेतलेच आहे, कारण लिहिणे म्हणजे उच्चारणे नव्हे. एवढे त्या दिवशी सुचले असते तर तिच्या हाती पाटी दिली असती.

म्हणून माझ्या सात वर्षांच्या माहितीवरून लिहून देते की बनाबाई भीमा राऊत हिला सगळी अक्षरे, जोडाक्षरे आणि पाढे येतात, आणि न चिडता शिकवणे तिला माझ्याहून चांगले जमते. माझा चष्मा सोडून वर्गाचे सगळे सामान तिचे. यापुढे वर्गात कोणा बाईला असा शब्द आडवा आला तर तो तिने लिहून दाखवावा, आणि वाचला असे धरावे.

कलम चौथे. कमिटीचे अध्यक्ष आप्पासाहेब रणवरे यांनी एका सुगीत आमच्या खोलीत खताची पोती भरली आणि आम्ही दोन महिने पडवीत बसलो. तो राग अर्धा राहिला आहे. पण पुढच्या साली खोली झाडून त्यांनीच उघडून दिली, हेही खरे. त्यांना मुद्दाम साक्षीला बोलावले आहे. हा कागद बनाबाईने दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवावा आणि मगच त्यांनी सही करावी.

एक शेवटचे. बनाबाईने माझ्या मरणाची वाट पाहू नये. येत्या रविवारपासून वर्ग तिने घ्यावा. मी बायांत मागे बसेन. मला भागाकार अजून नीट येत नाही.

वरील सर्व मी स्वतःच्या हाताने लिहिले आणि साक्षीदारांदेखत सही केली.

प्रयागबाई महिपती झगडे
मुक्काम अंथुर्णे, रविवार, तारीख १९ जानेवारी १९५८

साक्षीदार:

१. मोहन बिरू कुंभार, शिक्षक, बावडा. बाईंनी माझ्यासमोर सही केली.

२. आप्पासाहेब रणवरे, अंथुर्णे. सही माझ्यासमोर झाली. कागद बनाबाई राऊत यांनी वाचला. तीन ठिकाणी थांबून पाटीवर लिहिले, ते मी पाहिले. अक्षर माझ्याहून बरे आहे. किल्ली आज त्यांच्या हाती दिली.