पुराव्याला हात लावू नये

१२ मार्च
ग्रामपंचायतीची मासिक सभा. उशीर झाला, कारण भूगावहून प्लॉट बघायला पार्टी आली होती आणि त्यांना डोंगर हवा होता, पण चढ नको होता. पोचलो तर सभा संपत आलेली. आत पाय टाकला तशा टाळ्या. सरपंच रत्नावहिनींनी अंगावर शाल घातली, हातात नारळ दिला. नात्यानं माझी चुलत वहिनी, राजकारणात कट्टर विरोधक. सत्कार कशाबद्दल ते कळलं नाही. विचारणं बरं दिसत नाही. मेंबर झाल्यापासून इतके सत्कार झालेत की कारणं विचारत बसलो तर जेवण हुकेल. नेहमीचं भाषण ठोकलं: आपण जी जबाबदारी टाकलीत ती प्राण गेला तरी खाली ठेवणार नाही. हे कुठंही चालतं.

शाल लोकरीची निघाली. मार्चमध्ये. विरोधक कुठून डाव टाकतील सांगता येत नाही.

१३ मार्च
दुपारी जेवून आडवा पडलो असताना मोबाईलवर एक व्हिडिओ लागला. मेंबरचं खरं काम फीत कापणं नाही, कारभारावर नजर ठेवणं. कोणी काय कबूल केलं, काय केलं, जाब विचारायचा. अकाउंटेबिलिटी. डोळे खाडकन उघडले. मग जरा वेळ मिटले.

निर्धार: उद्यापासून पहाटे पाचला उठणार. निगुडशेत ग्रामपंचायतीवर कडक नजर.

१४ मार्च
साडेआठ. उठलो. नजर सुरू.

१६ मार्च
पहिलं प्रकरण हाती लागलं. पाणी सोडणारा इलाही सकाळीच दारात हजर. टाकीखालच्या मोठ्या पाइपचा जोड गळतोय, वरच्या वाडीला पाणी चढेना, काय करू, असं विचारत होता. मी चमकलो. पंचायतीचा माणूस सरपंचांना सोडून माझ्याकडं का आला? आतली बातमी फोडायला. म्हणजे नोकरवर्गात माझ्याविषयी विश्वास आहे.

त्याला बजावलं, जोडाला अजिबात हात लावू नकोस, तो पुरावा आहे. चौकशी होईपर्यंत जैसे थे. तो थोडा घुटमळला. मग म्हणाला, "तुमी म्हनशाल तसं, अण्णा."

यापुढं वहीत त्याचा उल्लेख फक्त 'सूत्र' असा करणार.

१७ मार्च
इलाही परत आला. गळती वाढलीय म्हणाला. उत्तम.

१९ मार्च
पंचायत ऑफिसात जाऊन भाऊसाहेबांना, म्हणजे आमच्या ग्रामसेवकांना, थेट सवाल केला: पाणी कमिटीचा अध्यक्ष कोण? ते आधी माझ्याकडं बघत राहिले, मग हसले आणि म्हणाले, अण्णा, तुम्हीपण ना. पुढं चहा मागवला.

नोंद: उत्तर टाळलं. उडवाउडवी. चहाचं आमिष. चहा घेतला, पण बिस्किटाला हात लावला नाही.

२३ मार्च
सरप्राइज व्हिजिट. कोणी आयत्या वेळी गैरहजर राहू नये म्हणून कालच ग्रुपवर कळवलं होतं. टाकीखाली मोठं डबकं झालंय. त्यात तीन म्हशी. पुराव्याभोवती पिवळी पट्टी बांधून घेतली, 'चौकशी चालू आहे' असा बोर्ड लावला, खाली माझं नाव. फोटो काढले. एकात म्हैस पुढं आली, पण माझा चेहरा चांगला आलाय म्हणून तोच स्टेटसला.

२९ मार्च
सारजाआत्या भेटली. माझ्या वडलांची सख्खी बहीण, वरच्या वाडीत एकटीच राहते. गुडघे गेलेत, तरी खालच्या विहिरीवरून कळशी नेत होती. मला बघून थांबली. वाटलं आशीर्वाद देईल. म्हणाली, चंदू, पाण्याचं तूच बघ रं बाबा. मी म्हणालो, आत्या, तुझ्यासाठीच लढतोय, अध्यक्षाला सोडत नाही. ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली आणि कळशी उचलून गेली. कळशी मी घेणार होतो, पण तेवढ्यात प्लॉटवाल्यांचा फोन आला.

लहानपणी ह्याच आत्यानं मला गळवं झाली होती तेव्हा महिनाभर कडेवर घेऊन फिरवलं. वाईट वाटलं. त्या अध्यक्षाला काही वाटत कसं नाही?

२ एप्रिल
हिनं जेवताना विचारलं, पाण्याचं कधी करणार. मी म्हणालो, माझ्या हातात असतं तर एका दिवसात केलं असतं. हिनं ताटात आमटी जरा जोरात वाढली.

५ एप्रिल, शनिवार
पुराव्याला पब्लिसिटी मिळाली. कोळवणकडं फार्महाऊसवर जाणाऱ्या पुण्याच्या मंडळींना डबकं दिसलं. त्यांना वाटलं नैसर्गिक झरा. चार गाड्या उभ्या, पोरं पाण्यात, एक बाई डोळे मिटून ध्यानाला बसलेली. कोणीतरी मोबाईलच्या नकाशावर 'निगुडशेत स्प्रिंग' असं टाकलंसुद्धा. म्हशींसोबत सेल्फी. मी कंट्रोल घेतला, पट्टीच्या आत कोणालाही सोडलं नाही. त्यांनी मला तिथला वॉचमन समजून गाडीवर लक्ष ठेवायला सांगितलं. ठेवलं. लक्ष ठेवणं हेच तर माझं काम.

९ एप्रिल
अध्यक्षाला समोरासमोर पकडायचं ठरवलं. ऑफिसात पाणी कमिटीचं वेगळं टेबल आहे, मागं निळी खुर्ची. कायम रिकामी. सकाळी जाऊन मुद्दाम त्याच खुर्चीत बसलो. येऊ दे, म्हटलं, आणि उठवू दे मला.

दिवसभर फिरकला नाही. एवढा निर्ढावलेला माणूस बघितला नाही.

मधल्या वेळात वरच्या वाडीतल्या बायका येऊन माझ्यासमोरच पाण्याचं गाऱ्हाणं घालत होत्या. मी सांगितलं, मीपण अध्यक्षाचीच वाट बघतोय, तुम्ही बसा. त्या बसल्या. आम्ही सगळेच वाट बघत बसलो. त्यातली किशोरची आई निघताना म्हणाली, "चांगली थट्टा लावलीया." बरोबर आहे तिचं. जनतेची थट्टाच चाललीय.

१० एप्रिल
आजही खुर्चीत. खुर्ची आरामशीर आहे. हे लोक बसत का नाहीत कळत नाही.

१४ एप्रिल
रत्नावहिनींनी रस्त्यात गाठलं. पाणी कमिटीत लक्ष घाला, वाडी तापलीय, म्हणाल्या. मी म्हणालो, वहिनी, लक्ष घातलंय म्हणूनच तुम्हाला घाम फुटलाय. त्या म्हणाल्या, घाम उन्हानं फुटलाय. पळवाट काढण्यात ही बाई हुशार.

२२ एप्रिल
सूत्र आलं. जोड पूर्ण उकललाय, आता नुसता पाना फिरवून भागणार नाही, पाइपच बदलावा लागंल, आणि तो पौडच्या दुकानात नाही, मागवावा लागंल. रडकुंडीला आला होता. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. म्हणालो, पुरावा जेवढा मोठा तेवढी शिक्षा मोठी. तो म्हणाला, "अण्णा, शिक्षा तर वाडीला व्हतीया."

वाक्य चांगलं आहे. ग्रामसभेत माझं म्हणून वापरणार.

१ मे
महाराष्ट्र दिनाची ग्रामसभा. माणसं भरली नाहीत म्हणून तहकूब. सगळा गाव मुठ्याला लग्नाला. बेजबाबदारपणाची हद्द झाली. मी पण लग्नालाच होतो, पण मी तिथं कोण कोण आलंय त्यावर नजर ठेवून होतो.

तहकूब सभा सहा तारखेला. तिला माणसं किती आली ते मोजत नाहीत. कायदाच आहे. इथंच अध्यक्षाला धरणार.

५ मे
ठराव तयार: वरच्या वाडीला पाणी कमिटीच्या अध्यक्षानं गाडीतून पाणी पोचवावं. पळवाटच ठेवली नाही. अध्यक्ष राजीनामा देऊन सुटेल, म्हणून पहिलं कलम: राजीनामा घेऊ नये. ड्रायव्हर लावेल, म्हणून दुसरं: स्वतः गाडी चालवावी. मजूर लावेल, म्हणून तिसरं: कॅन स्वतःच्या खांद्यावरून प्रत्येक घरात पोचवावेत. वरच्या वाडीच्या नळाला पाणी येईपर्यंत, रोज, पहाटे पाचला. हिला वाचून दाखवला. हिनं कागद घेऊन पुन्हा एकदा वाचला. मग म्हणाली, पाचला म्हणजे फारच लवकर नाही का? मी म्हणालो, अशा माणसाची कसली दया.

६ मे
तहकूब सभेला एवढी गर्दी पहिल्यांदाच. वरची वाडी झाडून आलेली, बायका रिकामे हंडे घेऊन. पुढं सारजाआत्या, कळशी मांडीवर.

मी उभा राहिलो. बोललो. शिक्षा वाडीला होतेय हे वाक्य टाकलं, मागं इलाही मान खाली घालून बसला होता. मग ठराव वाचला. अनुमोदन रत्नावहिनींनी दिलं. विरोधकसुद्धा माझ्या बाजूला आले, ह्याला म्हणतात नैतिक विजय. हात वर करा म्हटल्यावर सगळे हात वर. ठराव एकमतानं मंजूर. निगुडशेतच्या इतिहासात असं झालेलं नाही.

मग मी शेवटचा घाव घातला. म्हणालो, आता पाणी कमिटीच्या अध्यक्षानं, थोडीतरी लाज असेल तर, सगळ्यांसमोर उभं राहावं.

कोणीच उठेना. मी सभेवरून नजर फिरवली. सगळे बसलेले. भाऊसाहेब टेबलाकडं बघत होते. उभा असा मी एकटाच होतो.

सारजाआत्या म्हणाली, "उभा हायेस न्हवं? मग आता चल. हंडे भर."

मी रत्नावहिनींकडं पाहिलं. त्या हळूच म्हणाल्या, "भावजी, शाल कशाबद्दल दिली होती वाटलं तुम्हाला?"

बायका हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं झालं असतं.

७ मे
पहाटे पाच. उठलो.

पाइप मागवलाय, यायला अजून आठ-दहा दिवस. इलाही विचारायला आला, जोडाला हात लावू का. त्याच्याकडं बघवेना. लाव रे बाबा, म्हणालो.

जीपमधून कॅन. टाकीजवळ पुण्याची एक गाडी थांबली, झऱ्याचं पाणी घरपोच मिळतं का म्हणून विचारत होती. बोर्ड काढून टाकला.

आत्याच्या घराला चढ आहे. अर्ध्या वाटेत दम लागला, कॅन खांद्यात रुतत होता. तिचं पिंप भरलं. आत्यानं वाकून पाण्याचा वास घेतला आणि म्हणाली, उद्या कॅन घासून आण.

८ मे
पहाटे पाच. खांदा सोलवटलाय. निघताना हिनं कपाटातून सत्काराची शाल काढली, चौघडी घालून माझ्या खांद्यावर ठेवली आणि वर कॅन दिला.

लोकर टोचते. पण कॅन सरकत नाही.