‘किल्लेदार’ची चतुःसीमा

परंडा, रविवार

श्रीयुत कल्याणप्पा यांस सोमलिंगचे शरणू शरणार्थ.

तुमची तब्येत बरी असावी. भूमच्या बाजारात तुमच्या बियाण्यांच्या दुकानासमोरून दोनदा गेलो, तेव्हा बरे दिसलात (केस कमी झालेत, पण ते माझेही). हाक मारली नाही. एकोणतीस वर्षांचा अबोला रस्त्यात उभं राहून मोडता येत नाही.

कारण असं. माझ्या कॉम्प्युटर क्लासात १९९६ साली आपण जो ‘किल्लेदार’ गेम केला (म्हणजे तुम्ही केला आणि मी खोली दिली), तो पुण्याच्या एका कंपनीला ऑनलाइन दुकानात ठेवायचा आहे. ते लोक जुने गेम शोधतात, परवाना घेतात आणि इम्युलेटरसकट बांधून विकतात. इम्युलेटर म्हणजे नव्या कॉम्प्युटरला जुन्याचं सोंग घ्यायला लावणारा प्रोग्राम. पहिल्या दिवशी ते सोंग काही जमलं नाही. किल्लेदार इतक्या वेगानं पळाला की नजरेला पडायच्या आत खंदकात पडून मेला. आपल्या क्लासातली मशीन किती मंद होती हे मी त्यांना गांभीर्यानं समजावलं, तेव्हा कुठं तो चालायला लागला. मग त्यांनी मूळ वेष्टनाचा फोटो मागितला. आपण फ्लॉपी घालायचो ती छापखान्यात उरलेल्या लग्नपत्रिकांच्या पाकिटात. त्यामुळे आता जगभरच्या गिऱ्हाइकांना आपल्या गेमवर ‘कृपया आहेर आणू नये’ असं वाचायला मिळेल.

पुढं कंपनीनं मालकीचे कागद मागितले. मालकी म्हटल्यावर माझे पाय आपोआप तहसीलसमोर दस्त लिहीत बसणाऱ्या रणधीररावांकडे वळले. त्यांनी आधी गट नंबर विचारला. तो नाही म्हटल्यावर म्हणाले, “ऱ्हाऊ द्या, पण चतुःसीमा लागतीच. चारी बाजूला काय हाय ते सांगा, त्याबिगर मिळकत कोण धरत न्हाय.” मी बराच विचार करून सांगितलं आणि त्यांनी ते स्टँपपेपरवर उतरवलं: पूर्वेस खंदक, दक्षिणेस हत्तीदरवाजा, उत्तरेस ‘गेम ओव्हर’, पश्चिमेस सहमालक कल्याणप्पा यांचा हिस्सा, झाडझाडोरा, दगडधोंडा आणि खेळातल्या विहिरीच्या निम्म्या पाण्यासह.

कंपनीच्या वकील संघप्रिया (मूळच्या कळंबच्या, त्यामुळे दस्त त्यांना समजला) हसल्या नाहीत. एवढंच विचारलं, “काका, पश्चिमंला हे कल्याणप्पा कोण? गेममधी तर कुठंच न्हाईत.” मी रेंज गेल्याचं सांगून फोन ठेवला. रेंज पूर्ण होती.

तुम्ही दरवाजे रचलेत, पहारेकरी चालते केलेत, विहिरीत पाणी हलवलंत. तुम्ही चार दिवस बहिणीकडे गेलात आणि तेवढ्यात मी पहिल्या पडद्यावर ‘निर्माता: सोमलिंग’ एवढंच टाकलं. क्लासात सगळ्यांना गेम दाखवला त्या दिवशी तुम्ही तो पडदा चारचौघांत पाहिलात आणि चहा न घेता गेलात. कंपनी ती फ्लॉपी आहे तशीच चालवणार, म्हणून तो पडदा आता बदलत नाही. दुकानाच्या पानावर मात्र दोन नावं लिहायला सांगितली आहेत, तुमचं आधी.

सोबत करारनामा जोडला आहे. तुमच्या सहीवाचून गेम विकता येत नाही, तेव्हा सही करून पाठवावा. घरी सर्वांना नमस्कार.

आपला,
सोमलिंग

ता. क. तुमच्या सहीवाचून विकता येत नाही, हे खोटं आहे. रणधीररावांचा दस्त बाजूला ठेवला, तर पडद्यावर माझंच नाव असल्यामुळं माझी एकट्याची सही पुरते, असं संघप्रियांनी सांगितलं आहे. मी ती केलेली नाही. तुम्ही नाही म्हणालात तर करणारही नाही.

आणखी एक. आमच्या हिनं, शिवकांतानं, पाकीट बंद करायच्या आधी पत्र वाचलं. म्हणाली, “येवढी पानं भरली, अन् चुकलं म्हणायचं तेवढं ऱ्हायलं.” राहिलं नव्हतं, टाळलं होतं. चुकलं माझं, कल्याणप्पा.