डाव्या मागच्या चाकावरची रेघ

अप्पा,

१. तिसऱ्या फेरीत गाडीचं मागचं डावं चाक निघालं.
२. गाडी गरकन फिरून पेंढ्यांच्या गठ्ठ्यांवर आदळली. चालवणाऱ्याचा खांदा निखळला, बाकी त्याला काही झालं नाही.
३. चाक तसंच पुढे गेलं आणि दोरीपलीकडे उभ्या असलेल्या एका एकोणीस वर्षांच्या तरुणाला लागलं. दवाखान्यात नेताना तो वारला.
४. चाकाची चारही भोकं लांबट झालेली होती. नट सापडले नाहीत.
५. त्या चाकाचे नट आवळणं हे तुमचं काम होतं.
६. यातलं काहीही तुम्ही घरी कधी सांगितलं नाही.

पहिल्या पाच गोष्टी मला गेल्या चार महिन्यांत कळल्या. तुम्ही जाऊन तेरा वर्षं झाली. बसवकल्याणच्या बसस्टँडकडे जाणाऱ्या रस्त्यावर आपलं गॅरेज होतं, त्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे. मी पुण्यात गाड्यांच्या चाचणी विभागात काम करते. चाकं, धुरे, कंपनं हा माझा विषय. तुम्ही लग्नाआधी हैदराबादेत एका गॅरेजात होतात, एवढं मला माहीत होतं. त्या गॅरेजच्या मालकानं जुन्या टॅक्सीचं इंजिन घालून बिनछपराची, दोन सीटची शर्यतीची गाडी बांधली होती आणि ती ट्रकवर चढवून तुम्ही मद्रासपलीकडच्या, महायुद्धाच्या काळातल्या विमानांच्या जुन्या धावपट्टीवर नेत होतात, हे मला अनोळखी म्हाताऱ्यांनी सांगितलं.

त्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. पस्तीसेक माणसं, सगळी साठीच्या पुढची, हैदराबाद, बंगळूर, चेन्नईची. तरुणपणी ते या शर्यती बघायला जात. आता रोज सकाळी उठून एकमेकांना जुने फोटो पाठवतात. इंजिनात एरंडेल घालायचे, त्याच्या जळक्या वासाबद्दल त्यांच्यातला एक जण अत्तराबद्दल लिहावं तसं लिहितो. शर्यत संपली की सगळी गर्दी धावपट्टीवर शिरायची, गरम बॉनेटला हात लावायची, कुणी घरून आणलेल्या डब्यातला भात त्याच बॉनेटवर ठेवून खायचं. हल्लीच्या शर्यतींवर त्यांचा राग आहे. "आवाजच नाही राहिला, डास गुणगुणल्यासारखं वाटतं," एकानं लिहिलं. त्यावर दुसरा, "तुझ्या कानाची मशीन चार्ज कर आधी." मी त्या ग्रुपात काही लिहीत नाही. वाचते.

त्यांना तुम्ही आठवता, अप्पा. नावानं नाही. आपल्या जिल्ह्यावरून, 'बीदरवाला' म्हणून. "क्या हाथ था उसका! पाना लगाया तो गाडी बात सुनती थी." त्यांच्यापैकी एकाचा भाचा माझ्याच ऑफिसात आहे, त्याच्याकडून त्यांनी मला शोधलं. मी बीदरवाल्याची मुलगी आणि इंजिनिअर, हे कळल्यावर त्या दिवशी ग्रुपवर एवढी फुलं आली की मी फोन उलटा ठेवला. तुम्ही गेलात तेव्हा आपल्या दारात एवढी माणसं नव्हती.

मग तो फोटो आला. कुणीतरी ट्रंकेतली जुनी निगेटिव्ह काढून चांगल्या मशीनवर स्कॅन केली. अपघाताच्या शर्यतीआधीची, गाड्या रांगेत उभ्या असतानाची. आपली गाडी डाव्या बाजूनं दिसते. तुम्ही मागच्या चाकाशी उकिडवे बसला आहात. डाव्या हातात चुन्याची डबी, उजव्या हातात काडी. पाना जमिनीवर आहे. तोंड कॅमेऱ्याकडे नाही, चौकटीबाहेरून कुणीतरी हाक मारल्यासारखं पलीकडे वळलेलं आहे. चोवीस वर्षांचे असाल. तुमचा कान मी लगेच ओळखला, माझाही तसाच आहे.

फोटो मोठा केला की चाकावरचे चारही नट दिसतात, आणि प्रत्येक नटावरून चाकावर उतरलेली चुन्याची पांढरी रेघ. सरळ, कुठे न तुटलेली. तुमची ही रीत ग्रुपातल्या सगळ्यांना ठाऊक होती. नट आवळायचा, मग तंबाखूच्या डबीतला चुना काडीवर घेऊन नट आणि चाक यांच्यावर मिळून एक रेघ ओढायची. नट हलला की रेघ तुटते, लांबूनही कळतं. फोटो बघून ग्रुपवर दिवाळी झाली. "देखो, चूना! बोला था ना मैं, बीदरवाले की गलती नहीं थी." ते लोक या शर्यतींच्या आठवणींचं एक पुस्तक छापत आहेत. तो फोटो त्यात पूर्ण पानावर घेणार आहेत. खाली मी चार ओळी लिहायच्या, मुलगी म्हणून आणि इंजिनिअर म्हणून. रेघ अखंड होती, म्हणजे नट आवळलेले होते, एवढंच. सोमवारी मजकूर छपाईला जातो.

आता मी बारा वर्षांची आहे. मे महिना, शाळेला सुट्टी. मंठाळहून एक ट्रॅक्टर आलाय, मागचं चाक पंक्चर काढून परत चढवायचंय. तुम्ही आठही नट हातानं बसवता आणि चहाला जाता. आल्यावर तुम्ही एकेक आवळणार, मी मागून एकेक रेघ ओढणार, असं ठरलंय. मला वाटतं, तोवर रेघा ओढून ठेवल्या तर वेळ वाचेल. मी आठ रेघा ओढते, अगदी नीट. ट्रॅक्टरवाला येतो, रेघा बघतो, झालं म्हणतो आणि वर चढून चालू करतो. तुम्ही रस्त्यापलीकडून पळत येता. चहाचा ग्लास हातातून कुठे पडला ते तुम्हालाही कळत नाही. ट्रॅक्टरपुढे दोन्ही हात पसरून उभे राहता.

"उस्ताद, काय झालं वो?" तो वरून विचारतो. सगळं कळल्यावर हसतो. "पोरीनं रांगोळी काढलीय म्हना की!"

तुम्ही हसत नाही. माझ्या हातातली डबी हिसकावून नालीत फेकता.

"रेघ आधी वडलीस? कामून वडलीस?"

"वेळ वाचंल म्हणून."

"रेघ दिसली की मानूस हात लावून बघत न्हाई. कुनीच बघत न्हाई. वडनाराबी न्हाई बघत." तुमचा आवाज चढलेला नाही. मला त्याचीच भीती वाटते. "आधी आवळायचं. मग रेघ. उलटं केलीस तर परत पान्याला शिवू नगंस."

संध्याकाळी तुम्ही जेवला नाहीत. अव्वा म्हणाली, "अवं, पोर हाय ती, शिकायलीय." तुम्ही म्हणालात, "त्येवडं एक शिकू नये तिनं." नंतर अंगणात जाऊन बसलात. मी दारातून बघत होते. तुम्ही गुडघ्यावर बोटानं रेघ ओढत होतात, पुसत होतात.

एवढी वर्षं मी हे कडक शिस्तीच्या बापाची आठवण म्हणून जपलं. मुलाखतीतसुद्धा सांगितलं आहे. आता ते मला वेगळं दिसतं आणि परत आधीसारखं करता येत नाही. दुरुस्त झालेली गाडी निघाली की तुम्ही रस्त्यावर येऊन तिच्या मागच्या डाव्या चाकाकडे बघत उभे राहायचात, गाडी वळणाआड जाईपर्यंत. गिऱ्हाइकं चेष्टा करायची, उस्तादाचा जीव चाकात अडकलाय म्हणायची. मागच्या महिन्यात चाचणीच्या मैदानावर माझी गाडी सुटली आणि मी कुंपणाशी उभी राहून नेमकं तेच करत होते. माझ्या डाव्या बाजूला कुणीतरी उभं आहे असं मला स्पष्ट वाटलं. मी तिकडे पाहिलं नाही.

तांत्रिक बाजू मी स्वतःशी मांडली आहे. लांबट झालेली भोकं म्हणजे चाक ढिल्या नटांवर फिरत होतं. धुरा मोडला असता तर भोकं तशी झाली नसती. पक्के आवळलेले चार नट तीन फेऱ्यांत सुटून पडणं अशक्य नाही, पण मी ते माझ्या अहवालात लिहिणार नाही. अखंड रेघ दोन प्रकारे मिळते. नट आवळून मग ओढली, किंवा हातानं बसवलेल्या नटावर ओढली आणि नंतर पाना लावलाच नाही. फोटोत दोन्ही सारख्याच दिसतात. फोटोनं सुटका होते असं फक्त त्याला वाटेल, ज्यानं मंठाळचा तो ट्रॅक्टर पाहिलेला नाही.

मी चार ओळी लिहून पाठवल्या असत्या. पण गेल्या आठवड्यात एक फोन आला. वारलेल्या तरुणाचा थोरला भाऊ. तोही त्या ग्रुपात आहे, माझ्यासारखाच न लिहिणारा. आवाज दमलेला, बोलणं अदबीचं. "बेटी, मैंच उसको लेके गया था. वो पीछे बैठा था, मैं बोला आगे आ, यहाँ से अच्छा दिखता. नट टाइट था तो फिर मेरीच गलती हुई ना, मैं उसको गलत जगा खड़ा करा. ढीला था तो मेरे पे से थोड़ा वजन उतरता. तुम्हारे अब्बा से मेरेकू कोई शिकायत नै. मेरी आँखां अब काम की नै, बस तुम देख के बोलो."

बघून सांग, म्हणाला. मी म्हणाले, फोटो धूसर आहे, नीट काही कळत नाही. त्यानं माझे आभार मानले, आशीर्वाद दिला आणि फोन ठेवला.

फोटो धूसर नाही, अप्पा. मी आयुष्यात पाहिलेल्या जुन्या फोटोंमध्ये इतका स्पष्ट दुसरा नाही. आणि मी खोटं बोलले ते तुमच्यासाठी, असंही नाही. पस्तीस माणसं तुम्हाला जादूगार म्हणतात ते मला रोज सकाळी वाचायला आवडायला लागलं होतं.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, हे मला कळतं. तरी विचारते. त्या दिवशी हाक कुणाची आली होती, तुम्ही का उठलात, ते मला नको. आधी नट की आधी रेघ, एवढंच सांगा. आज बुधवार आहे. रविवारी संध्याकाळी सहापर्यंत उत्तर द्या. त्यानंतर मी त्या भावाला फोन लावणार आहे.