पुसलेल्या फाइलची जागा

प्रिय डॅड,

पुसून टाकलेली गोष्ट जागा कशी अडवून बसते, असं माझ्या डिस्कची अर्धी गोष्ट ऐकून तू परवा फोनवर विचारलंस. मशीनपुरतं मला ते आता कळलंय. त्यापलीकडचं उत्तर माझ्यापाशी नाही.

आमच्या संग्रहालयाची डिस्क सोमवारी भरली. सगळ्या फोल्डरांची बेरीज अर्धीसुद्धा होईना, आणि डिस्क म्हणे तिळाएवढी जागा नाही. आमचा प्रमुख वेन वैतागला. "पोरी, तुझी डिग्री काय म्हणते? बेरीज चुकली, की डिस्क खोटं बोलते?" मी बेरीज पुन्हा करून पाहिली. घरातली पहिली पदवीधर म्हणून तू मला बंदराच्या सगळ्या धक्क्यावर मिरवलंस, आणि मला साधी बेरीज लागत नव्हती.

मग त्याने ठरवलं, मासळी कारखान्यातल्या बायकांच्या मुलाखती संध्याकाळी पुसायच्या. सगळ्यात मोठा फोल्डर तोच. मूळ कॅसेटी बुरशीने कधीच गेल्यात, दुसरी प्रत नाही. "टाइप करून ठेवलंय ना सगळं? ऐकायला कोण येतं?" मी म्हटलं, शब्द कागदावर आहेत, हसणं नाही. "हसण्याला जागा कुठून आणू, बाळे?"

दुपारी चहा पिताना तो सहज बोलून गेला, की गेल्या आठवड्यात त्याने एक प्रोग्राम आपल्या कामाच्या नोंदी लिहितो ती अवाढव्य फाइल पुसली, तरी काही फरक पडला नाही. माझी ट्यूब तिथे पेटली. तो प्रोग्राम अजून चालूच होता, त्याच फाइलमध्ये लिहीत होता. यादीतून नाव गेलं म्हणून ती बेरजेत येईना. पण प्रोग्राम तिला सोडत नाही तोवर डिस्क जागा मोकळी करत नाही. मी तो बंद करून पुन्हा चालू केला. निम्मी डिस्क रिकामी! वेन बघतच राहिला. "म्हणजे मी पाहुण्याचं नाव दारावरून पुसलं, आणि पाहुणा आत जेवतोच आहे!" मुलाखती वाचल्या. मी इतकी हसले, की रडूच आलं.

रडू का आलं, ते त्याला नंतर सांगितलं. त्यातली एक मुलाखत मॉमची आहे, कारखान्यातल्या संपाच्या वर्षातली. ती तुझ्या बेसूर गाण्याची नक्कल करते आणि मागे सगळ्या बायका खिदळतात. ती गेल्यापासून तू घरात तिचं नाव काढत नाहीस, म्हणून तुला कसं सांगावं ते सुचत नव्हतं. आता सुचलंय. वेनला विचारून तिची कॅसेट केली, कारण तुझ्या ट्रकमध्ये तेवढंच चालतं. ती पाकिटात या पत्राखालीच ठेवली आहे.

तुझीच,
ब्रायना