भुयारातली सायकल

परंडा,
९ डिसेंबर २०२५

प्रिय शामे,

सलाम आणि नमस्कार, दोन्ही घे. इकडं सगळं ठीक. थंडी चांगली पडलीय. तुझ्या मोडलेल्या कंबरेचं काय? यज्ञेश आईला जिना उतरू देत नाही म्हणे. बरं करतो, तुझ्यावर कोणाचा तरी वचक हवाच.

आता ऐक. फिरोज शिकवतो त्या शाळेत जुनी कपाटं रिकामी करत होते. रद्दीच्या ढिगातून त्यानं एक पुस्तक उचललं आणि घरी येऊन मला विचारलं, "अम्मी, ही मिनाज म्हंजे तूच व्हय? कधी बोलली न्हाईस!"

'भुयारातली सायकल'! आपण दोघींनी नववीत लिहिलेली कादंबरी, तुझ्या वडिलांनी हौसेनं बार्शीला छापून घेतलेली. मला वाटलं होतं, तिची एकही प्रत उरली नसेल.

काय गं ते आपलं डोकं! दोन पोरी परंड्याच्या किल्ल्यातल्या भुयारात सायकली घालतात, थेट नळदुर्गच्या किल्ल्यात निघतात, दरोडेखोर पकडतात आणि दिवेलागणीला घरी जेवायला हजर! कुर्डुवाडीच्या पलीकडं आपण काही पाहिलंच नव्हतं, नळदुर्ग किती लांब ते कोणाला ठाऊक! मी हसत सुटले, मग रडले.

एक भाग तू लिहायचास, एक मी. आपल्या भागाच्या शेवटी दुसरीला संकटात टाकायचं आणि तिनं स्वतःच्या अकलेनं बाहेर यायचं. मोठ्या माणसांची मदत घ्यायची नाही. तू लई छळलंस मला. विहिरीत ढकललंस, लांडग्यांत सोडलंस. दर वेळी मी सुटले.

या वेळी सुटत नाही, शामे. मी फोन उचलत नाही म्हणून तू रुसलीयस, हे कळतं मला. माझा आवाज गेलाय. गळ्यात गाठ आहे. सोलापूरच्या डॉक्टरांनी फिरोजला बाजूला नेऊन काहीतरी सांगितलं आणि दुखणं थांबवायच्या गोळ्या देऊन आम्हाला घरी पाठवलं. घरात सगळे माझ्याशी फार गोड वागतात, त्यावरूनच समजले.

मला भीती वाटते. तुला एकदा पाहावंसं फार वाटतं. पण तुला पुण्याहून निघता येत नाही आणि मला गाडीत बसवत नाही. आपली भेट आता होणार नाही.

पुस्तक पाठवत नाही, माझ्या उशाशी असू दे. नंतर फिरोज स्वतः घेऊन येईल. तो दारात दिसला की काही विचारू नकोस. पोराला आधी पाणी दे.

तुझीच,
मिनाज