तीन वाजून सहा मिनिटांनी मध्यान्ह

सर,

तुम्ही गेलात त्याला आता बारा वर्षं होतील, आणि मी अजूनही तुम्हाला वही दाखवायला आल्यासारखी बसलेय. वहीत एकच गणित आहे. ते बरोबर आलंय, आणि बरोबर आल्याचं सांगावं असं माणूस मला उरलेलं नाही. धाकट्या भावाला सांगितलं असतं, पण गणित त्याचंच होतं.

खुटबावच्या शाळेच्या मैदानात तुम्ही रोवलेली काठी आज खूप आठवतेय. तुम्ही यवतहून सायकलवर यायचा, पँटीच्या पायाला क्लिप लावलेली, आणि आल्या आल्या आधी काठी सरळ आहे का ते दोरीला दगड बांधून बघायचा. बारा वाजल्यापासून आम्ही आळीपाळीनं सावलीच्या टोकावर खडे ठेवायचो. सावली सगळ्यात आखूड बाराला होईल अशी आमची खात्री, आणि ती रोज साडेबाराच्या आगंमागं व्हायची. "आपल्या गावचा मध्यान्ह बारा तेहतीसला," तुम्ही म्हणायचात, "आणि तोही वर्षभर थोडा पुढंमागं होतो, सूर्य काही कारखान्यात कामाला नाही." एक दिवस आमचे आबा बांधावरून मेंढरं घेऊन चालले होते. आमची थोडी मेंढरं तेव्हा अजून उरली होती. तुम्ही त्यांना हाक मारून मैदानात बोलावलंत आणि सगळ्या वर्गासमोर विचारलंत, "आबा, किती वाजले?" आबा ताठ उभे राहिले, स्वतःच्या सावलीचं टोक नजरेनं धरलं आणि टाचेला चवडा लावत पावलं मोजत गेले. म्हणाले, "दीड वाजून गेलाय, पावणेदोन आजून न्हाई." तुम्ही मनगटावरचं घड्याळ काढून पोरांना दाखवलंत. एक चाळीस. शाळेच्या आवारात आबा मान खाली न घालता उभे राहिलेले मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. त्या रात्री धाकट्यानं त्यांच्याकडून पावलं मोजायला शिकून घेतलं. मला ते मेंढरांमागचं काम वाटलं, मी शिकले नाही.

मग उज्जैनची सहल. मी दहावीत, धाकटा आठवीत. दौंडहून रेल्वेनं, मध्ये दोनदा गाडी बदलून आपण गेलो. वेधशाळा म्हणजे मोठमोठ्या दुर्बिणी असतील असं आम्हाला वाटलेलं, आणि समोर नुसत्या दगडी भिंती आणि आभाळाकडं जाणारा एक जिना. पोरं हिरमुसली. तुम्ही मात्र देवळात शिरल्यासारखे चपला काढायला निघालात. अडीच-तीनशे वर्षांपूर्वी एका राजानं बांधलेलं ते यंत्र, जिन्याच्या भिंतीची सावली खालच्या गोल पट्टीवर सरकते आणि वेळ सांगते. मी म्हणाले, "सर, हे अर्धा तास मागं पडलंय." तुम्ही म्हणालात, "मागं नाही. ही इथली वेळ आहे. आपल्या मनगटावरची सगळ्या देशानं सोयीसाठी ठरवलेली." मग तुम्ही जहाजांचं सांगितलंत. खलाशाजवळ घरची वेळ दाखवणारं घड्याळ असतं आणि डोक्यावर तिथला सूर्य असतो. दोन्हींत चार मिनिटांचा फरक पडला की एक अंश. घरापासून पूर्वेला-पश्चिमेला किती लांब आलो, हे त्याला त्या फरकातून कळतं. धाकट्यानं विचारलं, "सर, समुद्रावर गावच न्हाई, मग तिथली वेळ कुणाची?" तुम्ही हसून म्हणालात, "जो मोजेल त्याची." तो समुद्रावर गेला तो तिथूनच गेला, सर.

आणि तिथंच तुम्ही मला रागावलात. धाकटा पट्टीवर वाकून आकडा वाचत होता, मी लिहून घ्यायला बसलेली. तेवढ्यात मैत्रिणीनं काहीतरी दाखवलं आणि मी मध्येच त्याला म्हणाले, "आरं तिकडं माकड बघ." त्याचा आकडा चुकला. तुम्ही आवाज चढवला नाहीत, तुमचा राग नेहमी खालच्या आवाजात असायचा. "आकडा सांगणाऱ्याला मध्येच तोडायचं नाही. आधी लिहून घ्यायचं. मग तुझं काय असेल ते बोल." परतीच्या सगळ्या प्रवासात मी तुमच्याशी बोलले नाही.

धाकटा दहावी झाला तेव्हा तुम्ही त्याला तुमचा नकाशांचा जाडजूड संग्रह दिलात, पाठीला कापडी पट्टी चिकटवलेला. दुसऱ्या वर्षी तुम्ही गेलात. तो पुढं कोर्स करून बोटीवर डेकवरच्या कामाला लागला आणि मी कुरकुंभच्या एका कारखान्यात टाइम ऑफिसला. कोण किती वाजता आत आला, कोण बाहेर गेला, एवढंच माझं काम. माझं घड्याळ मिनिटाला बरोबर असतं. हे सांगते ते पुढच्यासाठी.

तुम्ही गेल्यानंतर आठव्या वर्षी, डिसेंबरच्या शेवटी, धाकट्याचे फोन बंद झाले. दीड महिना काही नाही. त्याला बोटीवर लावणाऱ्या मुंबईच्या एजंटाला विचारलं की एकच उत्तर: बोट आखातातल्या बंदरात दुरुस्तीला आहे, पोरं मजेत आहेत. आईनं जेवण सोडल्यात जमा. फेब्रुवारीच्या मध्याला, माझ्या सुट्टीच्या दिवशी दुपारी फोन वाजला. आवाज लांबून, घाईघाईनं.

"आक्का, मी हाय. बरं हाय सगळं. सरांची काठी आठवती का गं? हितं आत्ता, ह्या घडीला, सावली सगळ्यात आखूड झालीया. म्या पावलं मोजली, पावलं हायेत—"

आणि मी ओरडले, सर. "कसली काठी आन् कसली सावली! दीड महिना झाला, आई अन्नाला शिवंना. थांब, आधी तिच्याशी बोल."

आईनं फोन घेतला, "जेवलास का रं?" एवढं विचारलं, तो काहीतरी म्हणाला आणि लाइन तुटली. मी सवयीनं घड्याळात बघितलं होतं. तीन वाजून सहा मिनिटं.

तासाभरानं जनावरांपुढं कडबा टाकताना माझ्या डोक्यात उजेड पडला आणि मी तिथंच खाली बसले. माझ्या घड्याळात तीन सहा, आणि त्याच्या डोक्यावर मध्यान्ह. आखातात सूर्य माथ्यावर येतो तेव्हा आपल्याकडं दोन-सव्वादोन वाजलेले असतात. एजंट खोटं बोलत होता. धाकटा आखातात नव्हताच, आणि कुठं आहे ते मला सांगत होता. वेळेनं पूर्व-पश्चिम, आणि मध्यान्हाची सावली किती पावलं लांब त्यावरून उत्तर-दक्षिण. मी धावत घरात गेले. "आई, तो तुला पावलं किती म्हणाला?" आई म्हणाली, "पावलं? न्हाई बाय. मला म्हनला, तुजं पाय दुकायचं थांबलं का."

त्याच्याकडं परत फोन लागत नव्हता. कुठल्या नंबरवरून आला तेही कळत नव्हतं. मी तुमचा नकाशांचा संग्रह काढला आणि गणित मांडलं. रेघ आली ती आफ्रिकेच्या पोटातून, वाळवंटातून आणि डोंगरातून. बोट डोंगरात कशी असेल? चार वेळा केलं, चारही वेळा डोंगर. विचारू कुणाला? यवतला तुमच्या दारावरून दोनदा चक्कर मारून आले, आता तिथं दुसरे लोक राहतात हे माहीत असून. शेवटी रजा टाकली आणि दौंडहून एकटी उज्जैनला निघाले.

मी त्याच जिन्यापाशी उभी आहे. सावली पट्टीवर सरकतेय, अगदी तशीच. सहलीची पोरं आलीत आणि त्यांचे मास्तर मोबाइलवर बोलतायत. तिथले एक वयस्कर कर्मचारी माझ्याकडं बघत जवळ येतात, मी कागद पुढं करते आणि रडायला लागते. त्यांनी मला सावलीत बसवलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. मग भिंतीवरचा तक्ता दाखवला. फेब्रुवारीत सूर्य चौदा मिनिटं उशिरा माथ्यावर येतो. तुम्ही सांगितलं होतं, थोडा पुढंमागं होतो म्हणून. मी विसरले होते. चौदा मिनिटं वजा केली तशी रेघ साडेतीन अंश पूर्वेला सरकली, डोंगर सोडून तांबड्या समुद्रात उतरली. तिथून खाली जमिनीवरून आफ्रिकेच्या किनाऱ्याला लागून पुन्हा समुद्रात.

"और छाया कितनी थी?" त्यांनी विचारलं.

"मालूम नहीं."

"बताया नहीं उसने?"

ते कागदाची घडी घालत हळूच म्हणाले, "बहनजी, आप आधी जगह लेकर आई हैं."

ती अर्धी जागा घेऊन मी मुंबईला बोटींचं काम बघणाऱ्या सरकारी कचेरीत गेले. खिडकीवरचा माणूस उज्जैनचं नाव ऐकून म्हणाला, "पत्रिका बघून आलात काय?" तीन दिवस बसून राहिल्यावर आतल्या एका साहेबांनी कागद बघितला. ते हसले नाहीत. उलट शेवटपर्यंत वाचून म्हणाले, "गणित पटतंय मला. पण ही रेघ केवढी लांब आहे बघा. किती देश, किती बंदरं. मी विचारू कुणाला? अजून काही सांगितलं का त्यानं? काहीही?" सर, मी त्यांच्या टेबलाचा कोपरा धरून उभी होते. मी "नाही" म्हणाले. मी बोलू दिलं नाही, असं म्हणाले नाही. त्यांनी एकेका ठिकाणी पत्रं धाडायला घेतली. उत्तरेकडून का दक्षिणेकडून सुरुवात करायची, एवढंसुद्धा मी त्यांना सांगू शकले नाही. त्यांनी दक्षिणेकडून केली.

बोट उत्तरेला होती. सहा जण परत आले. त्यातला एक कोकणातला पोरगा महिन्याभरानं आमच्या घरी आला, आईच्या पायाशी बसला. मग सांगितलं. मालकानं बोट उजाड किनाऱ्यासमोर सोडून दिली होती. नकाशांची खोली कुलूपबंद, कुठं आहोत ते डेकवरच्या कुणालाच ठाऊक नाही. मालकाचा माणूस एकदाच आला, प्रत्येकाला एकेक मिनिट फोन दिला, बरं आहे एवढंच सांगायचं, तो शेजारीच उभा. धाकट्यानं आधी तीन दिवस डेकवर झाडूचा दांडा उभा करून सावली बघितली होती. आपली पाळी मध्यान्हाला यावी म्हणून दोघांना पुढं जाऊ दिलं. फोन झाल्यावर सगळ्यांना म्हणाला, "आक्काला कळलंय. ती काढंल शोधून." टाकीतलं पाणी खराब झालं, त्याला ताप भरला, औषध नव्हतं. फोननंतर पंचविसाव्या दिवशी तो गेला. मी त्या पोराला दाराबाहेर गाठून विचारलं, पावलं किती होती. त्याला ठाऊक होतं, सगळ्यांनाच होतं, धाकटा रोज मोठ्यानं मोजायचा. साडेतीन.

साडेतीन पावलं. मी घरात येऊन मांडून बघितलं. रेघेवर एकच ठिपका आला.

हे पत्र कुठं पाठवायचा प्रश्नच नाही, तुमच्या घरावर आता दुसऱ्याच्या नावाची पाटी आहे. आणि पोस्टात टाकता येत असतं तरी टाकलं नसतं, कारण एक गोष्ट अजून लिहायची राहिलीय आणि ती तुम्ही वाचावी असं मला वाटत नाही.

बोट सापडल्याचा त्या साहेबांचा फोन आला तेव्हा आई माझ्या शेजारी उभी होती. त्यांनी आधी जागा वाचून दाखवली. एकोणचाळीस अंश, वर काही मिनिटं, पूर्व. माझ्या कागदावर साडेएकोणचाळीस होतं. सर, मला आनंद झाला. पेपरात उत्तर जुळल्यावर होतो ना, तसला. मी हसले. आईनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि विचारलं, "सापडला व्हय गं?" साहेब पुढचं वाक्य बोलायच्या आत मी तिला "व्हय" म्हणून बसले.